माझा एक दगड राहिलाय

मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास निवळीच्या घाटात विलास रस्त्यावर ठेवलेला दगड उचलायला वाकला आणि वरून आलेल्या टेम्पोने त्याला धडक दिली. साडेनऊला घरी फोन आला. तो सुनंदाने घेतला. सुनंदा माझी बायको, विलास तिचा धाकटा भाऊ. तिने फोन ठेवला, गॅस बंद केला आणि म्हणाली, "विलास गेला."

मी तेव्हा खिडकीपाशी बसून एका शब्दकोशाला खाकी कव्हर घालत होतो. एक कोपरा दुमडायचा राहिला होता. तो मी दुमडला, मगच उठलो. असं का केलं ते मला सांगता येणार नाही. त्याला आता सात आठवडे झाले.

त्या सकाळी विलास कामासाठी संगमेश्वरला निघाला होता. घाटातल्या एका वळणावर पुण्याकडचं एक तरुण जोडपं गाडी पंक्चर होऊन अडकलेलं त्याला दिसलं. नाताळच्या सुट्टीत समुद्र बघायला आलेली मुलं ती, जॅक कुठे लावतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. विलासने चाक बदलून दिलं. त्यातली मुलगी नंतर रुग्णालयाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. तिने दोन्ही हातांनी ओढणी घट्ट धरली होती आणि समोर येईल त्याला ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "काकांनी हात पुसले. आम्ही म्हटलं, चहा घेऊ या ना काका. ते म्हणाले, तुम्ही निघा, माझा एक दगड राहिलाय. आणि वळणावर गेले..."

पुढचे काही दिवस घरी माणसं येत राहिली. येणारा प्रत्येक जण दगडापाशी येऊन अडखळत होता. "दगडासाठी गेला हो." "राहिला असता एक दगड, तर काय बिघडत होतं?" शेजारचे एक गृहस्थ तर खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "दगडांना काय तोटा आहे का आपल्याकडे?" ते वाईट हेतूने बोलले नव्हते. मी मान हलवली. पण विलास त्या दगडासाठी परत का गेला हे मला माहीत होतं, आणि त्या खोलीत ते माहीत असलेला मी एकटाच होतो. ते सांगितल्याशिवाय त्याच्याबद्दल मी जे काही लिहीन ते खोटं होईल. म्हणून हे लिहायला इतके दिवस लागले.

मिरजोळ्याला औद्योगिक वसाहतीच्या कडेला विलासचं वर्कशॉप होतं. ट्रकच्या स्प्रिंगचे पोलादी कमानपाटे तुटले की लोक त्याच्याकडे यायचे. शिकला तो दहावीपर्यंत. त्याचे हात तळव्यापासून मनगटापर्यंत कायम काळे असायचे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. मी एका शाळेत ग्रंथपाल होतो. आम्हा दोघांमध्ये बोलण्यासारखं काही असेल असं आमच्या लग्नात कुणाला वाटलं नसेल. पण दर हिवाळ्यात त्याला पाट्यांचं पोलाद आणायला कोल्हापूरला जावं लागे, आणि मला शाळेच्या वाचनालयासाठी पुस्तकं बघायला. एका वर्षी सुनंदाच म्हणाली, "वेगवेगळे कशाला जाताय? एका गाडीतून जा. येताना गूळ आणा." तेव्हापासून आंबा घाटाने जाणारी ती वर्षाची एक फेरी ठरून गेली. विलासची पिकअप, मागे उघडा हौदा, पुढे आम्ही दोघं. मी पुस्तक उघडायचो. हातखंबा मागे पडेपर्यंत तो गप्प राहायचा आणि मग म्हणायचा, "जल्लं ते तुमचं पुस्तक, भावोजी. जरा बाहेर बघा. बाहेर पण काय काय लिहिलेलं असतं."

बाहेर गाड्या अडकलेल्या असायच्या. विलासबरोबर कोल्हापूरला जायचं म्हणजे चार तासांचे सात तास होणार हे मी पहिल्याच फेरीत शिकलो. कुणाचं इंजिन तापलेलं, कुणाचा पट्टा तुटलेला, कुणी गटारात गेलेलं. तो एकही गाडी ओलांडून पुढे जायचा नाही. हौद्यात कायम दोर, जॅक, पाण्याचे दोन कॅन, सुनंदाच्या जुन्या सुती साड्या आणि माणूस आडवा मावेल अशी एक फळी असे. एकदा एका मोठ्या गाडीतल्या साहेबांनी त्याचे हात आणि कपडे बघून काच वर करून घेतली. विलास काचेपलीकडून शांतपणे बोलत राहिला. "साहेब, मी लुटणारा असतो तर बरोबर चष्मेवाला मास्तर घेऊन फिरलो असतो का? तो बघा, गाडीत बसून वाचतोय." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक वर करून दाखवलं. काच खाली आली.

पण नेहमीच असं हसण्यासारखं नसे. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी घाटाच्या पायथ्याशी एक जीप उलटलेली आम्हाला दिसली. एका माणसाचा पाय खाली अडकला होता. विलास जीपखाली शिरला आणि मला म्हणाला, "याचं डोकं धरा." मी धरलं. मग मी त्याच्या पायाकडे पाहिलं... आणि रस्त्याच्या कडेला जाऊन ओकलो. तो माणूस ओरडत होता आणि मी पाठमोरा उभा होतो. सगळं संपल्यावर विलास साडीच्या तुकड्याने हात पुसत माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता चिडवेल. तो म्हणाला, "रक्त झेपत नाही तुम्हाला. नसेल झेपत. दगड झेपतील ना?"

आमच्या घाटांत गाडी बंद पडली की वळणाच्या अलीकडे चार दगड मांडतात आणि एखादी हिरवी फांदी आडवी टाकतात. मागून येणाऱ्याला ती खूण कळते. ही रीत सगळ्यांची आहे, ट्रकवाल्यांची, एस्टीवाल्यांची. आणि गाडी दुरुस्त झाली की दगड तिथेच टाकून निघून जायचं, हीदेखील रीत सगळ्यांचीच. विलासचा सगळा राग त्या दुसऱ्या रीतीवर होता. रस्त्यात असे मागे राहिलेले दगड दिसले की तो पिकअप थांबवून ते कडेला टाकायचा आणि ठेवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. त्याचा नियम ठरलेला होता. गाडीतून उतरलं की आधी दगड, मग माणूस. निघताना आधी माणूस, मग दगड, पण दगड उचलल्याशिवाय निघायचं नाही. त्या दिवसापासून दगड माझे झाले. तो जखमी माणसाकडे धावायचा, मी वळणाकडे. मी दगड मांडायचो, फांदी तोडायचो आणि तिला वर्कशॉपमधलं एक लाल फडकं बांधायचो. काम झालं की ते सगळं उचलून आणायचो. मला ते काम आवडत असे. त्यात कुणाकडे बघावं लागत नसे.

नऊ वर्षांपूर्वीची जानेवारीतली ती सकाळ. साखरपा सोडून आम्ही घाट चढायला लागलो तेव्हा धुकं इतकं होतं की विलास खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवत होता. एका वळणावर एक गाडी डोंगराच्या कडेला गटारात गेलेली होती. आत मुलगा, सून आणि मागच्या सीटवर एक म्हातारी. म्हातारीचं डोकं काचेवर आपटलं होतं. विलास उतरला आणि नुसतं म्हणाला, "दगड." मी वरच्या वळणावर पळालो. तीन दगड मांडले, फांदीला फडकं बांधून आडवी टाकली आणि परत आलो. विलासने दोर लावून गाडी बाहेर ओढली. इंजिन चालू झालं. पण मागची सीट काचांनी भरली होती आणि म्हातारीला बसता येत नव्हतं. तिला फळीवर घालून हौद्यात ठेवलं. मुलगा आणि सून गाडी घेऊन मागून येणार, असं ठरलं.

आणि तेव्हा त्या म्हातारीने माझी बाही धरली. मी दगड आणायला वळतच होतो. तिने हात लांब करून माझ्या स्वेटरची बाही मुठीत धरली आणि सोडेना. विलासने एकदा माझ्याकडे पाहिलं. "बसाल का मागे, तिच्यापाशी?" मी हौद्यात चढलो. तिचं डोकं मांडीवर घेतलं. साडीची घडी जखमेवर दाबून धरली. ती लाल झाली, दुसरी घेतली. मला उलटी आली नाही. खालच्या रुग्णालयापर्यंत मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि माझं मला नवल वाटत होतं. खरं सांगायचं तर नवल नव्हे, अभिमान वाटत होता. चाळिशी उलटून किती वर्षं झाली होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच मान फिरवली नव्हती.

म्हातारीला टाके पडले. डॉक्टर म्हणाले, धोका नाही. समोरच्या टपरीवर विलासने दोन चहा सांगितले, ग्लास माझ्या हातात दिला आणि माझ्या स्वेटरवरचे डाग बघत म्हणाला, "आज भावोजी, मानलं तुम्हाला. ताईला सांगतो आता, तुझा नवरा मर्द गडी निघाला." मी हसलो. त्याने चहाचा घोट घेतला आणि सहज विचारलं, "दगड उचललेत ना?"

मी म्हणालो, "हो."

एका शब्दाचं उत्तर. नऊ वर्षं मी त्या शब्दाकडे परत परत जातो आहे. विसरलो, एवढं म्हणायचं होतं. घाट वीस मिनिटांवर होता. तो चहा तसाच टाकून उठला असता, आम्ही गेलो असतो. पण त्याने मला नुकतंच मर्द गडी म्हटलं होतं, आणि ते आणखी थोडा वेळ तसंच राहावं असं मला वाटलं. मी मनात म्हटलं, आता चहा झाला की वर जायचंच आहे, जाताना उतरून पटकन उचलेन.

चढताना वाटेत एक जीप जोराने खाली आली. विलासने तिला वाट दिली. त्या वळणावर पाचसहा माणसं उभी होती. धुकं निवळलं होतं. एक मोटरसायकल कठड्याला टेकून आडवी पडली होती, जेवणाचा एक रिकामा डबा उघडून रस्त्यावर पडला होता. कुणीतरी सांगितलं, घाटमाथ्यावरच्या आंबा गावातल्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारा शांताराम रात्रपाळी करून घरी यायला निघाला होता. उतारावर, धुक्यात, चाक दगडावर गेलं. आताच त्याला जीपमधून खाली नेलं. मी ठेवलेल्या तीन दगडांपैकी दोन जागेवर होते. तिसरा दहा हात खाली घरंगळला होता.

विलास उतरला. मी बसून राहिलो आणि खिडकीतून म्हणालो, "ट्रकवाल्यांनी ठेवले असतील."

त्याने एकेक करून तिन्ही दगड उचलून कठड्यापलीकडे टाकले. मग तो फांदीपाशी गेला. तिच्यावरून कुणाची तरी गाडी गेली होती. त्याने खाली बसून लाल फडकं सोडलं, झटकलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. गाडीत येऊन बसला. किल्ली फिरवण्याआधी म्हणाला, "असतील."

पुढे त्या दिवशी आम्ही कोल्हापूरला गेलो. त्याने पोलाद घेतलं, मी पुस्तकं घेतली, गूळ घेतला. चौथ्या दिवशी शाळेत मला त्याचा फोन आला. "तो माणूस गेला, भावोजी." मी विचारलं, "कोण?" पलीकडे बराच वेळ यंत्राचा आवाज येत राहिला. मग त्याने फोन ठेवला. कोण, असं मी का विचारलं? मला माहीत होतं. त्या चार दिवसांत मी दुसऱ्या कुणाचाही विचार केला नव्हता.

त्यानंतर आम्ही त्याबद्दल कधीही बोललो नाही. पुढच्या हिवाळ्यात पिकअपच्या हौद्यात दोन अर्धे चिरे होते. जांभ्याचे, तासून गुळगुळीत केलेले, वर चुना फासलेला, आणि प्रत्येकाला तुटक्या कमानपाट्याची वाकवलेली कडी बसवलेली, बादली उचलावी तसं उचलता यावं म्हणून. "हे काय?" मी विचारलं. "दगड," तो म्हणाला. "रस्त्यावरचे नकोत आता. आपले असले म्हणजे मोजता येतात." वाटेत एक ट्रक बंद पडलेला दिसला तेव्हा मी सवयीने दार उघडलं. तो म्हणाला, "तुम्ही बसा." त्याच्या आवाजात राग नव्हता. "बसा नि वाचा. मी ठेवतो." त्या दिवसापासून दगड त्याचे झाले. ठेवायचा तो, उचलायचा तो. हौद्यात परत ठेवले की दोन्हींवर एकेकदा हात ठेवायचा. एकदा बरंच पुढे गेल्यावर त्याने गाडी वळवली, तेच वळण पुन्हा जाऊन बघितलं आणि परत फिरला. चिरे दोन्ही हौद्यातच होते. मी पुस्तकातून मान वर केली नाही.

मी त्याला दया समजत होतो. माझ्यावरची दया. त्याने ओळखलं आहे, आणि तो मला कधीही विचारणार नाही, असं मी धरून चाललो होतो. आणि म्हणून मला त्याच्याशेजारी बसता येत होतं. दर वर्षी परतताना साखरप्याच्या पुढे एका फाट्यावर तो पिकअप उभी करायचा. "जरा थांबा, एक काम आहे." आणि वाडीकडे जाणाऱ्या पायवाटेने निघून जायचा. कधी अर्ध्या तासाने यायचा, कधी दोन तासांनी. त्याच्या कपड्यांना कधी कौलांची धूळ असे, कधी विहिरीचा चिखल. कसलं काम, असं मी एकदाही विचारलं नाही. आता वाटतं, मला कळलं होतं. कळून न घेण्याची मला सवय झाली होती.

विलासच्या तेराव्यानंतर आठवडाभराने आम्ही त्याच्या घरी गेलो होतो. त्याची बायको रेखा, सुनंदा आणि मी पडवीत बसलो होतो. एक बाई फाटकातून आत आल्या. साठीच्या, काटक, हातात कापडी पिशवी. पायरीच्या खालीच उभ्या राहून म्हणाल्या, "इलासचा घर ह्योच ना? मी साखरप्याकडनं आलेय. शांतारामची बायको, आनंदी."

रेखाला काही कळलं नाही. माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

रेखा म्हणाली, "या ना, वर या. बसा." त्या वर आल्या, पण खुर्चीत बसल्या नाहीत. जमिनीवर, भिंतीपासून लांब बसल्या. "ह्या वर्साला आला नाय," त्या म्हणाल्या. "मंग कळला, गाडीखाली गेला म्हनून." मग त्यांनीच सांगितलं. शांताराम गेला त्याच्या महिन्याभराने विलास त्यांच्या दारात आला होता. पायरीखाली उभं राहून त्याने सांगितलं, त्या वळणावरचे दगड मी ठेवले होते. उचलायचे राहिले.

"मी त्याला हाकलला," आनंदीबाई म्हणाल्या. "तोंडात येल त्या शिव्या घातल्या. दुसऱ्या वर्साला परत आला. बसला पायरीवर. मी परत शिव्या घातल्या. तीन वर्सां पानी दिला नाय मी त्याला. कौलां चाळून गेला, इहिरीचा रहाट करून गेला, पन मी पानी नाय दिला." त्यांनी पिशवीचे बंद बोटांना गुंडाळले. "माफ केला असा समजू नका. नाय केला. पन यायचा. येवढा मात्र खरा."

सुनंदाने डोळ्यांना पदर लावला. रेखा भिंतीकडे बघत होती. आनंदीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमी त्याचं भावोजी ना? गाडीत बसून रवायचात ते? फाट्यावरनं दिसायचात."

"हो," मी म्हणालो.

"मंग त्या दिवशी तुमी पन व्हतात."

"होतो."

त्या थांबल्या. आता बोलायचं होतं. तीन बायका माझ्यासमोर बसल्या होत्या, तिघींनाही ते कळण्याचा हक्क होता... मी उठलो आणि म्हणालो, "चहा टाकतो." स्वयंपाकघरात जाऊन मी चहा केला. नीट गाळला. चौघांना दिला. एस्टीची वेळ झाल्यावर त्या गेल्या, आणि मी त्यांना फाटकापर्यंत पोचवून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी म्हातारीने धरलेली बाही सांगितली, टपरीवरचा चहा सांगितला, लाल फडकं सांगितलं. मी थांबल्यावर तिने ताट बाजूला सरकवलं.

"म्हणजे तो त्या दिवशी दगड उचलायला वळणावर गेला, तो..."

"हो."

"मला कशाला सांगताय? मी काय करू आता याचं?" तिचा आवाज चढला नव्हता. "माझा भाऊ नऊ वर्षं त्या बाईच्या दारात जाऊन तुमच्या वाटणीचं ऐकून घेत होता. आणि तुम्ही गाडीत बसून वाचत होतात. जा नि तिला सांगा."

गेल्या आठवड्यात मी एस्टीने साखरप्याला गेलो. फाट्यावर उतरलो. ती पायवाट मी इतकी वर्षं फक्त काचेतून पाहिली होती. वाटलं होतं त्याहून ती लांब निघाली आणि चढाची. आनंदीबाई अंगणात सुपाने कुळीथ पाखडत होत्या. मी पायरीखाली उभा राहिलो. पायरी चिऱ्याची होती आणि मधोमध झिजलेली होती. मी सांगितलं. किती वेळ लागला कोण जाणे, फार नसेल. खरं तर त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे.

सूप थांबलं. "तुमी?"

"मी. त्याने विचारलं होतं, उचललेत का म्हणून. मी हो म्हणालो."

"मंग त्याला ठावं व्हता?"

"हो."

त्या पुन्हा पाखडू लागल्या. फोल उडून माझ्या पायाशी येत होतं. मग हात थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नऊ वर्सां मी त्याला शिव्या दिल्या. त्याची पोरां-बाळां काढली. त्याला गाडीखाली मरान येल असा बोललेय मी... ह्या पायरीवर बसून ऐकलान त्यानी." त्यांनी सूप खाली ठेवलं. "त्या शिव्या आता माघारी कशा घेऊ?"

मी तसाच उभा होतो. शेवटी त्या म्हणाल्या, "जावा तुमी. एस्टी चुकंल." पाणी त्यांनी विचारलं नाही. मीही मागितलं नाही.

परतल्यावर मी रेखाकडे गेलो आणि तिलाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं, आत गेली, आणि एका पोत्यात बांधलेलं काहीतरी दोन्ही हातांनी ओढत पडवीत आणलं. पोलिसांनी पिकअपबरोबर परत दिलेलं सामान होतं ते. "हे चिरे तुम्ही न्या," ती म्हणाली. "मला दारात नकोत." एवढंच म्हणाली. आत जाताना तिने दार लावून घेतलं. सुनंदा आता माझ्याशी लागेल तेवढंच बोलते. जेवायला वाढते, औषधाची आठवण करते.

विलास कसा होता असं कुणी विचारलं तर मला त्याचे काळे हात आठवतात, आणि वळणापलीकडून दोन पांढरे चिरे बादल्यांसारखे हातात घेऊन येणारी त्याची आकृती. निवळीच्या घाटात तो एक चिरा हौद्यात ठेवून दुसऱ्यासाठी परत गेला. त्याच्यासारखी माणसं पुष्कळ असतात असं लोक म्हणतात. असतीलही.

चिरे आता माझ्या पडवीत आहेत. एक अख्खा आहे. दुसरा त्या दिवशी फुटला, त्याच्या नुसत्या कडीला थोडा जांभा चिकटून राहिला आहे. मला गाडी चालवता येत नाही.